फळांचा डबा आठवडाभर न्या, पण सगळं रविवारीच कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पेपरात उघड्यावर कापून ठेवलेल्या फळांबद्दल सावध करणाऱ्या बातम्या येतात, त्या आल्याच पाहिजेत, पण आमच्या आजूबाजूला त्याचा परिणाम असा झाला की लोकांनी गाडीवरची कापलेली फळं बंद केली आणि घरून फळं न्यायचं मात्र कोणी सुरू केलं नाही. मग चार वाजता भूक लागली की समोसा, आलुबोंडा नाहीतर बिस्किटाचा पुडा, आणि घरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हौसेनं आणलेलं डाळिंब सुकत पडलेलं. फळं महाग झाली म्हणून खाणं होत नाही असं सगळे म्हणतात, ते काही खोटं नाही, पण मला वाटतं बऱ्याच घरांत खरी अडचण सकाळची आहे. साडेसहाला मुलांची व्हॅन, सातला कंपनीची बस, त्यात पोळ्या-भाजीचा डबा, आता त्यात फळ धुवा, सोला, चिरा हे कोण करणार.

म्हणून हे पत्र लिहून राहिले. फळांचे डबे आधी करून ठेवता येतात, आठवडाभर नेता येतात, आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच चालू आहे. मी फ्रूट सॅलड म्हणते तेव्हा लग्नाच्या पंगतीतलं दूध-कस्टर्डवालं नाही, नुसती फळं, डब्यात भरून न्यायची आणि चमच्यानं किंवा हातानं खायची. मिस्टरांचा डबा नागपूरजवळच्या बुटीबोरीला जातो, मुलीचा शाळेत, माझा ऑफिसात, आणि सासूबाईंना शुगर आहे म्हणून त्यांची वाटी वेगळी. ऑफिसातल्या बायका रोज विचारतात की कसं जमवता, तर सगळ्यांनाच एकदा नीट सांगावं म्हटलं.

पहिली गोष्ट, मोबाईलवर ते व्हिडिओ दिसतात ना, रविवारी ओट्यावर ओळीनं डबे मांडायचे, सगळ्यात सगळी फळं कापून भरायची आणि शनिवारपर्यंत खायची, ते कृपा करून करू नका. कापलेलं फळ फ्रीजमध्ये ४ डिग्रीच्या आसपास ठेवलं तर ३ दिवस, फार तर ४ दिवस चांगलं राहतं, तेही फ्रीज नीट थंड असेल तर. आता आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, घरात दर पाच मिनिटांनी कोणीतरी थंड पाण्याच्या बाटलीसाठी फ्रीज उघडून राहिलं, त्यात दुपारी लाईन गेली की संपलं. दार उघडलं नाही तर बंद फ्रीज साधारण ४ तास थंडी धरून ठेवतो, पण लाईन गेल्यावरच सगळ्यांना तहान लागते. तर रविवारी कापलेलं टरबूज (म्हणजे कलिंगड) शुक्रवारी पोराला देणं मला तरी पटत नाही.

माझी पद्धत अशी आहे की आठवड्याचे दोन भाग करायचे. रविवारी संध्याकाळी सोम-मंगळ-बुधचे डबे, बुधवारी रात्री जेवणं झाली की गुरु-शुक्र-शनिचे. फळं मात्र सगळी रविवारीच आणायची, आम्ही गोकुळपेठ मार्केटमधून आणतो, कधी कॉटन मार्केटला जाणं झालं तर तिथून. बुधवारचं काम अर्ध्या तासाच्या वर जात नाही कारण निवडणं, मोजणं, डबे काढणं हे सगळं रविवारीच झालेलं असतं. आणि आणतानाच थोडं डोकं लावायचं, अर्धी फळं पिकलेली घ्यायची आणि अर्धी जरा कडक, पपई घेतली तर देठाजवळ थोडी हिरवी असलेली, म्हणजे बुधवारी बरोबर हाताशी येते.

आता कोणतं फळ किती टिकतं हे एकदा समजलं की बाकी सगळं सोपं आहे, आणि इथे आपलं नागपूर नशीबवान आहे कारण डब्यासाठी संत्र्यासारखं फळ नाही. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिमान बाळगला, पण शहरातल्या किती डब्यांत संत्रं दिसतं? आंबिया बहाराची (बहार म्हणजे झाड फुलण्याचा हंगाम) संत्री दिवाळीच्या आसपास सुरू होतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात आपली हक्काची. साल सैल, सोलायला सुरी नको, आणि आतली प्रत्येक फोड आपापल्या पातळ पापुद्र्यात बंद, म्हणजे देवानंच पॅक करून दिलेली. ती फोड जोवर फाटत नाही तोवर तिला पाणी सुटत नाही. पण एक काळजी घ्या, संत्र्याची फोड सुरीनं कापून ठेवू नका. संत्र्यात एक पदार्थ असतो, फोड कापली किंवा रस काढला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते कडू लागतं, म्हणून तर सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडू लागतो. बिया काढायच्या म्हणून फोडी चिरल्या की तसंच होतं. बिया खाणाऱ्यानं थुंकाव्या, त्यात काही लाज नाही.

मी करते ते असं. संत्री सालीसकट धुवून पुसून घेते, सगळी एकदम सोलते आणि मग हात साबणानं धुते, कारण सालीतलं तेल बोटांना लागलेलं असतं आणि तेच फोडींना लागलं की तोंडात कडसर चव राहते. मग मधला पांढरा दोरा ओढून काढायचा, फोडी सुट्या करायच्या, अंगठ्यानं वरच्या शिरा हलकेच पुसून घ्यायच्या (सगळ्या काढत बसू नका, त्यात फायबर असतं आणि वेळही जातो), आणि स्वच्छ सुती कापडावर पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं पसरायच्या. हाताला कोरड्या लागल्या की डब्यात. डब्याच्या तळाला कापडाची किंवा टिश्यूची एक घडी ठेवायची. अशा फोडी तिसऱ्या दिवशीसुद्धा उघडल्या की टचटचीत असतात, मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी तिच्या डब्यातून आधी याच उचलतात.

आणि त्यासाठी मोठी, चमकदार, स्टिकरवाली संत्री लागत नाहीत. बाजारात लहान आकाराचा माल असतो, चुरी म्हणतात, तो स्वस्त मिळतो. आमचा नेहमीचा फळवाला मला म्हणतो, "ताई, चुरी काहून घेऊन राहिल्या, मोठा माल न्या ना." पण डब्यात लहान फोडीच बऱ्या, लहान मुलांच्या तोंडात मावतात, आणि काटोल-नरखेडच्या, वरुड-मोर्शीच्या शेतकऱ्याचा हा लहान माल मातीमोल भावानं जातो असं दरवर्षी पेपरातच वाचतो, तर तो आपण शहरवाल्यांनीच खायला काय हरकत आहे.

संत्र्याच्या खालोखाल डाळिंब. दाणे ४ दिवस आरामात राहतात, कोरडे असले पाहिजेत एवढंच. डाळिंब आपटून दाणे काढायची पद्धत मला आवडत नाही, ओट्यावर लाल शिंतोडे आणि अर्धे दाणे फुटलेले. वरचा मुकुट गोल कापायचा, सालीवर जिथे उंचवटे दिसतात त्यावरून उभ्या रेषा मारायच्या, हातानं उघडायचं आणि पाण्याच्या भांड्यात बुडवून दाणे सोडवायचे. दाणे खाली बसतात, पांढरा पडदा वर तरंगतो, तो काढून टाकायचा, दाणे गाळून कापडावर. द्राक्षंही अशीच, धुवून पूर्ण कोरडी करून अख्खी ठेवायची, देठाकडून तोडून, ओढून नाही, ओढलं की तिथे भोक पडतं आणि तिथूनच खराब होतं. घरात चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर त्याच्या डब्यात द्राक्षं उभी चिरूनच द्या, अख्खं गोल द्राक्ष घशात अडकू शकतं, हे मी सगळ्या आयांना सांगत असते.

सफरचंद आणि पेरू काळे पडतात म्हणून लोक नेत नाहीत. ते काळं पडणं म्हणजे सडणं नाही, फळातलं एन्झाइम आणि हवा यांचा खेळ आहे, आणि लिंबाच्या आंबटपणानं तो थांबतो. मोठ्या वाडग्यात गार पाणी, त्यात एक लिंबू पिळायचं, फोडी कापल्या कापल्या त्यात टाकायच्या, पाच मिनिटांनी निथळून पुसून डब्यात. लिंबू नसेल तर एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ, तेही चालतं, खारट लागत नाही. संत्र्याच्या रसानं तेवढं काम होत नाही, आंबटपणा कमी पडतो. पेरू शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा, नंतर मऊ होतो. पण पेरू सोडू नका, संत्र्याचं व्हिटॅमिन सीसाठी एवढं नाव आहे पण पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं, शिवाय भाव बघा. सासूबाईंच्या वाटीत पेरू, थोडी पपई आणि थोडे डाळिंबाचे दाणे असतात, डॉक्टरांनीच सांगितलं की रस नको, अख्खं फळ चावून खा आणि मापात खा.

केळं कधीच कापून ठेवायचं नाही. ते अख्खं डब्याच्या बाजूला पिशवीत टाकायचं. चिकूचंही तसंच.

आता ज्याची खरी काळजी वाटते ते, टरबूज, खरबूज आणि पपई. ही फळं आंबट नाहीत, पाणी भरपूर, साखर आहे, म्हणजे कापल्यावर जंतूंना याच्याइतकी सोयीची जागा नाही. संत्र्याला त्याचा आंबटपणा सांभाळून घेतो, खरबुजाला कोणी नाही. त्यातून खरबूज जमिनीवर वाढतं, जाळीदार सालीत माती बसलेली असते, आणि आपण न धुता सुरी घातली की सालीवरचं सगळं सुरीबरोबर आत जातं. २०११ साली अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरून ३३ माणसं गेली होती. आणि हा लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून टरबूज-खरबूज आधी वाहत्या पाण्याखाली ब्रशनं घासून धुवा, साबण नको, कोरडं करा, मगच कापा. आणि ज्या पाटावर सकाळी चिकन किंवा मासे कापले त्यावर फळ नाही म्हणजे नाही, वेगळा पाट ठेवा. ही तिन्ही फळं आमच्याकडे फक्त दुसऱ्या दिवसापर्यंतच्या डब्यांत जातात, तिसऱ्या दिवशी उरलं तर मी देत नाही. टरबुजाला पाणी फार सुटतं, त्यामुळे ते बाकी फळांत मिसळायचं नाही, वेगळी छोटी डबी, नाहीतर सगळा डबा लदलदीत होतो आणि मुलं नाव ठेवतात ती फळांना, टरबुजाला नाही.

मसाला आधी घालू नका हे तर हात जोडून सांगते. मीठ, साखर, चाट मसाला काहीही घातलं की फळ पाणी सोडतं, तासाभरात तळाला रस्सा. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडं तिखट असं मिश्रण कागदाच्या छोट्या पुडीत बांधून वेगळं द्यायचं, खाताना भुरभुरायचं. कोणी दही घालून नेतं, ते चांगलंच लागतं, पण अननस, पपई, किवी कापून दह्यात घालून ठेवलं तर त्यांच्यातल्या एन्झाइममुळे काही तासांत दही कडू होतं, तेव्हा दहीसुद्धा ऐन वेळी.

डबे घट्ट झाकणाचे, रबराची रिंग असलेले, आणि लहान. मोठ्या एका डब्यातून रोज काढून घेण्यापेक्षा प्रत्येकाचा रोजचा वेगळा डबा बरा, म्हणजे रोज चमचे आत जात नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी माहिती दिली त्यात दिवसाला १०० ग्रॅम फळ सांगितलंय, ते काही फार नाही, एक मध्यम वाटी झाली. फ्रीजमध्ये हे डबे दारात ठेवायचे नाहीत, दारातच सगळ्यात गरम असतं, आत मागच्या बाजूला ठेवायचे.

आणि मग प्रवास, नागपूरची खरी परीक्षा इथे आहे. कापलेलं फळ साध्या हवेत २ तासांच्या वर बाहेर राहू नये, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर तासाभरातच खावं नाहीतर थंड ठेवावं, असा नियम आहे. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी ३२ च्या वर असतं, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर सकाळी नऊलाच. नागपूरहून बुटीबोरी ३० किलोमीटर, बसच्या थांब्यावर उभं राहणं धरून मिस्टरांचा एक तास तर जाण्यातच जातो. त्यासाठी मी दोन गोष्टी करते. पाण्याची छोटी बाटली पाऊण भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवते, सकाळी ती टिफिन बॅगमध्ये डब्याला चिकटून, वरून जुन्या टॉवेलची घडी, दुपारी तेच गार पाणी प्यायला होतं. आणि द्राक्षांच्या दिवसांत मूठभर द्राक्षं फ्रीजरमध्ये कडक करून डब्यात वरून टाकते, अकरा वाजेपर्यंत ती हळूहळू सुटतात आणि खालची फळं थंड राहतात, मुलीला तर ती कुल्फीसारखी आवडतात. एवढं करूनही डबा मधल्या सुट्टीतच संपला पाहिजे, घरी परत आलेलं कापलेलं फळ मी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवत नाही.

इथपर्यंत घरातलं माणूस करू शकतं. पुढचं मात्र एकटीच्या हातात नाही, आणि त्यासाठीच मुख्यतः तुम्हाला लिहिते आहे. मी पूर्वी जिथे नोकरीला होते तिथे फ्रीज होता पण तो साहेबांच्या केबिनमध्ये, आम्ही बायका डबे कूलरच्या पाण्याच्या टाकीजवळ ठेवायचो, ते काही थंड ठेवणं नव्हे. मुलीची एक मैत्रीण सकाळी सातला क्लासला जाते, तिथून अभ्यासिकेत, दुपारी तीनला घरी, शेकडो मुलं असलेल्या त्या क्लासमध्ये डबा ठेवायला एक साधं कपाट नाही, डबे दप्तरात आणि दप्तरं उन्हात तापलेल्या जिन्यावर. फी लाखात घेता तर एक फ्रीज ठेवायला काय जातं? एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये, मिहानमधल्या ऑफिसांत, बँकांत, सरकारी कार्यालयांत, अभ्यासिकांमध्ये कर्मचाऱ्यांच्या-विद्यार्थ्यांच्या डब्यांसाठी वेगळा फ्रीज असावा, त्यावर कोणाची मालकी नसावी आणि दर शनिवारी तो पुसला जावा, एवढीच मागणी आहे, यासाठी शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

तुमच्याकडेही एक विनंती आहे. पेपरात बाजारभाव येतो तो ठोकचा, क्विंटलचा, आम्हा घरच्या बायकांना त्यातून काही उमगत नाही. शनिवारच्या अंकात कोपऱ्यात चार ओळी छापा, या आठवड्यात कळमन्याच्या ठोक बाजारात कोणतं फळ जास्त आलं, कोणतं स्वस्त आहे, किरकोळ भाव काय आहे, म्हणजे रविवारी पिशवी घेऊन निघताना काय घ्यायचं ते ठरवता येईल.

आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना तुमच्यामार्फत. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, वेळापत्रक तेव्हाच ठरतं. पहिल्या दोन तासांनंतर दहा मिनिटांची सुट्टी फक्त फळांसाठी ठेवा, तोवर डबा थंड असतो. मोठ्या सुट्टीपर्यंत तो गरम होतो, आणि मग मुलं न खाता तसाच परत आणतात.

आपली,
एक नियमित वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर